आबांनीही त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधली होती

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३६. पिंपरी-चिंचवडला वाहनांच्या इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत बारा वर्षं आहे. टीम लीडची जागा यंदा मला मिळणार असं धरून चाललो होतो, ती पाच वर्षांनी ज्युनिअर असलेल्या सहकाऱ्याला मिळाली. त्यातच विजेवरच्या गाड्यांमुळे आमच्या विभागातली माणसं कमी करणार, अशी कुजबुज आहे. घराचा हप्ता ३८ हजार, तो धरून महिन्याचा खर्च ८५ हजार, पत्नीचा शाळेतला पगार ३२ हजार, शिल्लक ३ लाख २० हजार. रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. माझे वडील १९७६ साली एकोणिसाव्या वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि २००० साली हवालदार म्हणून पेन्शनीला आले. सियाचीनलाही होते. नंतर बारा वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी केली. आता आई-आबा साताऱ्याजवळ गावी असतात. त्यांनी जे सोसलं त्यापुढे माझं रडगाणं लाजिरवाणं वाटतं. पत्नीच्या सांगण्यावरून रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहितो. त्यात लिहितो, ‘सैनिक जागे आहेत म्हणून मी झोपू शकतो, तरी मी प्रमोशनसाठी रडतो.’ दोन महिने झाले, बरं वाटायच्या ऐवजी जास्तच खजील वाटतं. सैनिकांची आठवण ठेवून नोकरीच्या काळजीला तिच्या जागी कसं बसवायचं? आणि आबांना हे सगळं सांगावं का?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या वहीतल्या वाक्यात एक ‘तरी’ आहे. त्याच्या आधीचा भाग कृतज्ञतेचा आहे, नंतरचा भाग स्वतःला रागावण्याचा. दोन महिने रोज रात्री झोपायच्या तोंडावर तुम्ही स्वतःला बोल लावताय, आणि दोनला जाग आली की तेच बोल पुन्हा ऐकू येतात. वही सोडू नका, पण आज रात्रीपासून तो ‘तरी’ खोडून टाका.

तुम्ही ज्याला कृतज्ञता म्हणताय ती खरं तर तुलना आहे. ‘तिकडे बर्फात जवान उभा आहे आणि तुला इकडे प्रमोशनचं पडलंय’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते संस्कारासारखं वाटू लागतं. पण सियाचीनची थंडी आठवून कुणाचा हप्ता कमी होत नाही. तुमच्या शरीराला घरखर्चाचा धोका दिसतोय आणि ते रात्री उठवून तुम्हाला तो दाखवतंय. त्याला लाज देऊन गप्प बसवलं तर ते पुन्हा उठवणार. शिवाय अशा तुलनेत आबांचीही पट्टी होऊन जाते. पट्टीनं मोजता येतं, तिच्याशी बोलता येत नाही. गेले दोन महिने तुम्ही आबांशी नीट बोलला नसाल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

आता तुमच्याच पत्रातल्या एका ओळीकडे परत जाऊ. ‘नंतर बारा वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी केली.’ सियाचीनवर तुम्ही थांबलात आणि ही ओळ पुढे ढकललीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच ओळीत आहे. २००० साली आबा ४३ वर्षांचे होते, म्हणजे आज तुम्ही आहात त्यापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठे. तुम्ही तेव्हा अकरा वर्षांचे असाल, पाचवी-सहावीत.

जवानाची निवृत्ती सरकारी कचेरीतल्या निवृत्तीसारखी नसते. माणूस अठरा-एकोणिसाव्या वर्षी जातो आणि हुद्द्याप्रमाणे पस्तिशी ते पंचेचाळिशीत बाहेर येतो. पेन्शन येते, पण ती शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी. मुलं शाळेत, बहिणीचं लग्न राहिलेलं किंवा घराचं छप्पर घालायचं असतं. चोवीस वर्षं ज्याला नंबर, हुद्दा आणि पलटण होती, ज्याच्या हाताखाली माणसं होती, त्याला गावात आल्यावर ‘आता काय करताय?’ असं विचारतात. गेटवर उभं राहिल्यावर ज्यांना सलाम करायचा त्यातले कित्येक वयानं निम्मे असतात. तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान माणूस तुमचा वरिष्ठ झाला, याचा जो सल तुम्हाला आहे, तो आबांना अगदी अपरिचित असेल असं मला वाटत नाही.

फौजेला हे नीट ठाऊक आहे. म्हणून निवृत्तीच्या आधीच जवानांना दुसऱ्या कामाचे अभ्यासक्रम दिले जातात. पुनर्वसन महासंचालनालय ते चालवतं. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. ही संस्था १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असतानाच, जायबंदी सैनिकांना नवं काम शिकवण्यासाठी सुरू झाली. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या सरकारी पदांवर माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. ही सगळी व्यवस्था एक गोष्ट मान्य करते. गोळीबारात न डगमगणाऱ्या माणसालाही नोकरी बदलताना शिकावं लागतं, तयारी करावी लागते, मदत लागते. त्यात भित्रेपणा काही नाही. मग तुमच्या काळजीलाच तो का चिकटवायचा?

मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सांगली जिल्ह्यातले, फौजेत ईएमईमध्ये (यंत्रं-वाहनांची देखभाल करणाऱ्या शाखेत), मुष्टियुद्धात नाव कमावलेले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि मुष्टियुद्ध संपलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधल्या काळात पुण्यात टेल्कोत नोकरी होतीच. त्यांचं उदाहरण ‘बघ, त्यांनी एवढं केलं’ म्हणून देत नाही, ती पुन्हा पट्टीच होईल. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. एक रस्ता बंद झाला, आणि दुसरा रस्ता पदक देणारा ठरला तरी घर चालवायला नोकरी लागलीच.

तर आधी काळजीकडे काळजी म्हणून बघू. तुमच्या काळजीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत. पैसा, मान आणि कसब. कृतज्ञतेचा उपयोग यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीला होतो, तोही थोडा. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला कागद-पेन्सिल लागते.

पैशाचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करू. उद्या पगार थांबला तर ८५ हजारांतून पत्नीचे ३२ वजा जाऊन दरमहा ५३ हजार कमी पडतील. ३ लाख २० हजार अशा वेगानं सहा महिने पुरतात. हप्ता तसाच ठेवून बाकीचा खर्च आवळून एकूण ७० हजारांवर आणला, तर तूट ३८ हजारांची होते आणि तीच शिल्लक आठ महिन्यांच्या वर जाते. रात्री दोन वाजता ‘सगळं संपलं’ असं जे वाटतं त्याचा खरा आकडा हा आहे, सहा ते आठ महिने. फार नाहीत, पण काहीच नाही असंही नाही. त्यात आणखी एक महिना वाढवायला किती लागतात तेही काढता येतं: ३८ हजार. नोकरी आहे तोवर दर महिन्याला जितके बाजूला पडतील तितके दिवस वाढतील.

इथं लोक नेहमी दोन चुका करतात. पहिली विम्याची. कंपनीचा आरोग्य विमा नोकरी सुटली की बहुधा त्याच दिवशी संपतो आणि नवीन पॉलिसीला आजारपणासाठी सुरुवातीचे ३० दिवस थांबावं लागतं, आधीच्या आजारांसाठी तर कितीतरी जास्त. म्हणून तुमची, पत्नीची आणि मुलं असतील तर त्यांची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच, पगार चालू असताना घ्या. आबा आणि आई माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेत असतील तर त्यांची चिंता वेगळी नको. मात्र तुम्ही त्यात येत नाही. मुलगा कमावता झाला किंवा २५ वर्षांचा झाला की तो त्या योजनेबाहेर जातो. दुसरी चूक म्हणजे हप्ता चुकेपर्यंत बँकेत न जाणं. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं थकीत कर्जात जातं आणि मग बोलणी अवघड होतात. पहिला हप्ता चुकायच्या आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करायची चर्चा तरी होऊ शकते. क्रेडिट कार्डावर उचल करून घराचा हप्ता भरायचा मोह मात्र कटाक्षानं टाळा, त्याचं व्याज घराच्या कर्जाच्या कित्येक पट असतं.

कसबाबद्दल थोडक्यात. इंजिनाचे भाग कमी होतील, पण मोजमाप, गुणवत्ता तपासणी, पुरवठादारांची ये-जा, यंत्रांची देखभाल ही कामं विजेच्या गाडीलाही लागतात. बारा वर्षांत तुमच्या हातून झालेल्या दहा कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्यात ‘इंजिन’ हा शब्द काढला तर काय उरतं ते लिहा. जे उरतं तो तुमचा बायोडाटा. फौजेतून बाहेर पडणाऱ्या क्लार्कला, स्टोअरकीपरला, गाड्यांच्या मेकॅनिकला नेमकं हेच करावं लागतं: हुद्दा आणि पलटण काढून टाकल्यावर काम कुठलं उरतं ते बाहेरच्या भाषेत मांडणं. आणि ती टीम लीडची जागा का गेली, हे वरिष्ठांना एकदा सरळ विचारा. ‘माझं काय चुकलं?’ असं नको. ‘पुढच्या वेळी माझा विचार व्हावा म्हणून सहा महिन्यांत तुम्हाला कोणत्या दोन गोष्टी दिसायला हव्यात?’ असं विचारा. नेमकं उत्तर आलं तर तयारीला लागा. गोलमोल आलं तर बाहेर अर्ज करायची वेळ झाली आहे.

काळजीला दिवसातली एक वेळ द्या. संध्याकाळी अर्धा तास, जेवणाच्या आधी, वही-पेन घेऊन, शक्यतो रोज त्याच वेळी. रात्री जाग आली तर उशाशी ठेवलेल्या चिठ्ठीवर एक ओळ लिहायची आणि ती उद्याच्या अर्ध्या तासावर टाकायची. कृतज्ञतेची वही या वेळेपासून लांब ठेवा. काळजीवरचं औषध म्हणून कृतज्ञता घेतली की ती लागू पडली नाही याचीच नवी काळजी लागते. तुमच्या बाबतीत तेच झालं आहे.

वहीही थोडी बदला. रोज एकच वाक्य लिहिलं की चार दिवसांत ते पाठ होतं आणि मन तिथं उरत नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. ‘सैनिक’ असं मोघम लिहू नका. एक माणूस, त्यानं केलेली एक गोष्ट आणि तिचा कुणाला काय उपयोग झाला, एवढं लिहा. आबा सीमेवर असताना घर, शेत आणि तुमचं दप्तर एकटीनं सांभाळणारी आई यात आली पाहिजे, ती बहुतेक वह्यांमधून सुटते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत. तिथल्या स्मारकापाशी एकदा उभे राहिलात तर वहीत काय लिहायचं हा प्रश्न पडणार नाही. पुण्यात घोरपडीला दक्षिण कमांडचं युद्धस्मारक आहे, तेही नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं.

पण लिहिण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हातून काही होणं. यात मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ज्यांच्या घरात किंवा शेजारी एखादे वयस्क माजी सैनिक आहेत अशा प्रत्येकाला हे उपयोगी पडेल. ‘थँक यू’च्या संदेशांपेक्षा त्यांना कागदपत्रांत मदतीची गरज असते.

पहिलं काम हयातीच्या दाखल्याचं. पेन्शन चालू राहायला तो वर्षातून एकदा द्यावा लागतो आणि मोबाइलवरून घरबसल्या देता येतो. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप लागतात, सोबत आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा कागद) क्रमांक आणि चालू मोबाइल नंबर. पूर्वी बँकेतून पेन्शन घेणाऱ्या बहुतेकांची खाती आता संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली आहेत, आणि घोळ इथंच होतो. पेन्शन देणारी संस्था निवडताना लोक सवयीनं जुन्या बँकेचं नाव निवडतात. दाखला तयार होतो, पण जिथं पोचायला हवा तिथं पोचत नाही, आणि पुढे पेन्शन अडकली की कारण कळत नाही. स्पर्शवर असलेल्या लष्करी जवानासाठी मंजुरी देणारी संस्था ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि पेन्शन देणारी ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायची. नौदल आणि हवाई दलासाठी मंजुरीचं कार्यालय वेगळं असतं, ते पीपीओवर बघा. चेहरा टिपताना उजेड समोरून हवा, चष्मा काढलेला बरा.

दुसरं काम आईच्या नावाचं. माझ्या मते हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि वेळ गेल्यावर सगळ्यांत जड जातं. पीपीओवरचं पत्नीचं नाव आणि जन्मतारीख तिच्या आधारवरच्या नाव-तारखेशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. लग्नानंतर पलटणीच्या कारकुनानं ‘सुमन’ लिहिलेलं असतं, आधारवर ‘सुमनबाई’ असते. गावाकडे तर शाळेत घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख घरटी एकाची तरी असते आणि फौजेच्या नोंदीत भलतीच. जवान हयात असेपर्यंत याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन याच फरकावर अडतं आणि दुःखात असलेल्या बाईला खेपा घालाव्या लागतात. दुरुस्ती आबांच्या सहीनं होणं कितीतरी सोपं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक (फौजेतून बाहेर पडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), पीपीओ, दोघांची आधार कार्डं आणि बँक पासबुक घेऊन जायचं. प्रतिज्ञापत्र कसं हवं ते तिथं सांगतात, आणि प्रकरण त्यांच्यामार्फत त्या-त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. मूळ कागद पाठवू नका. डिस्चार्ज बुकच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, हरवलं तर त्याची दुसरी प्रत मिळवणं कटकटीचं असतं.

ज्यांच्या घरात कुणी फौजी नाही त्यांनीही याच जिल्हा कार्यालयात जावं आणि आपल्याला काय येतं ते सांगावं. बायोडाटा लिहून देणं, मुलाखतीचा सराव घेणं, अर्ज भरणं. तुमच्यासारख्या बारा वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाचा एक रविवार नुकत्याच पेन्शनीला आलेल्या दोघा-तिघांना मोलाचा वाटेल. पैसे द्यायचे तर ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन आहे, १९४९ पासून पाळला जातो. निधी जिल्हा कार्यालयात किंवा केंद्रीय सैनिक बोर्डाकडे द्या आणि पावती घ्या. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात सवलत मिळते. सैनिकांच्या नावानं मोबाइलवर फिरणाऱ्या खातेक्रमांकांवर एक रुपयाही पाठवू नका. त्यात फसवणूक चालते.

या मदतीनं तुमची काळजी कशी हलेल? नोकरी गेली तर आपण कुणाच्याच कामाचे नाही, ही भीती तुमच्या मानाच्या दुखण्याच्या तळाशी आहे. ज्या दिवशी तुमच्या अर्ध्या तासामुळे कुणाची पेन्शन सुरळीत राहते त्या दिवशी ही भीती जरा मागे सरते. तुलनेतून ते होत नाही. मात्र याला वेळ लागतो. आणि दोन आठवड्यांवर झोप अशीच मोडत राहिली, जेवण कमी झालं किंवा जगणं नको असे विचार आले, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. माजी सैनिकांनाही हा नंबर चालतो, हे मुद्दाम सांगते.

राहिला आबांचा प्रश्न. सांगा. लपवलेलं त्यांना बहुधा कळलंच असेल, मुलाच्या आवाजावरून बापाला कळतं. पण समोर बसून ‘मला फार टेन्शन आहे’ अशी सुरुवात कदाचित दोघांनाही जमणार नाही. युद्धाच्या गोष्टी विचारू नका, ‘बर्फात कसं राहिलात?’ हेही नको. त्या प्रश्नांनी ते पुन्हा तुमच्या नजरेत उंच चढतील आणि तुम्ही खाली राहाल. पुढच्या शनिवारी गावी जा. जाताना फोन करून सांगा, ‘आबा, तुमचं डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आईचं आधार काढून ठेवा, नावं ताडून बघायची आहेत.’ कागद पसरले की फौजी माणूस मोकळा होतो. प्रत्येक शिक्क्यामागे एक गाव असतं, एक साहेब असतो, एक सुट्टी असते. आईला जवळ बसवा, तारखा तिला जास्त आठवतील. शेवटच्या पानावर २००० सालची तारीख येईल, तिथं थांबा आणि विचारा, ‘पेन्शनीला आलात ते पहिलं वर्ष कसं गेलं?’ ते थोडा वेळ काही बोलणार नाहीत. तुम्हीही घाई करू नका. त्यांचं सांगून झालं की तुमचं सांगा, सहा महिन्यांच्या हिशेबासकट.